लोखंडी की फायबर

१८ सप्टेंबर, गुरुवार

मिळाला! अलिबागला कलेक्टर कचेरीत सही केली आणि परवान्याचं पुस्तक हातात आलं. वर बाबांच्या एकनळी बंदुकीची नोंद, त्यांच्यामागे माझ्या नावावर झालेली. तिच्याखाली ताज्या शाईत नवी ओळ: पिस्तूल, .३२ बोर. वडखळला चहाला थांबलो तेव्हा उघडून पाहिलं. पेणला पेट्रोल भरताना पुन्हा. खोपोलीत थांबायला काहीच कारण नव्हतं, तरी थांबलो आणि पाहिलं.

शेहेचाळिसाव्या वर्षी हे बरं दिसत नाही. न दिसो.

नीता शाळेतून आली, पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती, "मिळाला का?" म्हणाली. मिळाला म्हटलं. "म्हणजे आता ती मागची गाडी थांबेल?" मी म्हटलं, असं कुणाला दाखवून गाडी थांबवायची नसते. "मग?"

हात धुतले. जेवलो.

मागची गाडी गेल्या हिवाळ्यापासून. नंदूला त्याच्या फार्महाउसच्या प्लॉटांसाठी आमच्या शेतातून रस्ता हवा होता. मी नाही म्हटलं. त्यानंतर कामावरून येताना, कर्जत सोडलं आणि अंधारलं की बाइकच्या मागे ती मोठी पांढरी गाडी. हॉर्न नाही, ओव्हरटेक नाही. कडाव येईपर्यंत मागे. गाडी नंदूची, नंबर पाठ आहे. शाळेत हा माझ्याच बाकावर बसायचा. अर्जात नाव घातलं नाही. 'जमिनीच्या वादातून सतत पाठलाग, जीविताला धोका' एवढंच. चौकशीला आलेल्या हवालदाराने नाव विचारलंही नाही. तालुक्यात कोण ओळखत नाही नंदूशेठला.

२० सप्टेंबर, शनिवार

रजा टाकून पुण्याला, बंदुकांच्या दुकानात. वाटलं होतं जाड मिशांचा कुणी असेल. गल्ल्यावर एक बाई, पस्तिशीच्या, चष्मा, आजोबांपासूनचं दुकान. मी म्हटलं स्वस्तातली नको, परदेशी परवडायची नाही, मधली दाखवा. त्यांनी काचेवर जाड हिरवं कापड पसरलं आणि दोन ठेवल्या.

एक सगळी पोलादी. सरकारी कारखान्याची, जुनं मॉडेल, घोडा बाहेर दिसतो. दुसरी नव्या कंपनीची, अंग फायबरचं, घोडा आत, हलकी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त. किंमत जवळजवळ सारखी, एका बऱ्या मोटारसायकलीएवढी. यापुढे इथे लो. आणि फा.

मॅडमनी दोन्ही रिकाम्या आहेत हे आधी स्वतः बघितलं, मग मला दाखवलं, मग माझ्याकडून पुन्हा बघून घेतलं. फार आवडलं. आमच्या कारखान्यात असं एकजण करत नाही.

लो.चा वरचा भाग मागे ओढून सोडला. तो आवाज! बँकेच्या तिजोरीचं दार लागतं तसा, पण छोटा. फा.चा आवाज डबा बंद केल्यासारखा. पण फा. हातात अशी बसली की जणू माझ्या पंजाचा साचा घेऊन केली. मी डावरा. फा.चा सेफ्टी खटका दोन्ही बाजूंना आहे. लो.चा फक्त डावीकडे, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. मला अंगठा वाकडा करून पलीकडे न्यावा लागतो.

विचारलं, दोन्हींत चांगली कुठली? म्हणाल्या, "दोन्ही चांगल्या आहेत. तुम्हाला कशासाठी हवीय ते सांगा, मग मी सांगते."

म्हटलं, "स्वसंरक्षण."

म्हणाल्या, "मग ही." फा.

मी लो. हातातच धरून होतो. त्यांच्या लक्षात आलं असावं. हसल्या नाहीत, हे उपकार.

घाट उतरताना गाणं म्हणत होतो. हेल्मेटमध्ये.

२४ सप्टेंबर

कुंभिवलीला आमचा धंदा औषधाच्या बाटल्यांची झाकणं. माझं काम दोन पुरवठादारांचा माल शेजारी ठेवून कुणाचा पास ते सांगणं. किंमत सारखी असली की खरी मजा. तेव्हा आता हेही नीट करू.

पहिली चाचणी, वजन. दोन कापडी पुरचुंड्या शिवल्या, एकीत लो.च्या वजनाइतके तांदूळ, दुसरीत फा.च्या. काल लो. कमरेला बांधून दिवसभर काम. संध्याकाळी कंबर भरून आली. आज फा. दुपारपर्यंत विसरूनच गेलो. हा मुद्दा फा.कडे. पण विसरलो हे चांगलं की वाईट? कमरेला आहे हे विसरावं अशी ती वस्तू आहे का?

तीन वाजता मॅनेजरच्या केबिनमध्ये उभा असताना टाका उसवला. कोलम तांदूळ, शर्टातून पँटवर, पँटवरून त्याच्या कार्पेटवर. तो बघत राहिला. मी म्हटलं, "घरचाच आहे सर, गेल्या हंगामातला." दुसरं काय सांगणार?

नीता मघापासून हसते आहे. "लग्नाचा बस्ता एका तासात उरकलात, आठवतं का? माझी साडीसुद्धा बघितली नव्हतीत धड."

२ ऑक्टोबर, दसरा

कोयते, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, बाबांची बंदूक. दरवर्षीप्रमाणे पाटावर. आईने हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. बंदुकीच्या शेजारी मी नकळत थोडी जागा सोडली होती. आईला ती दिसली.

"हितं काय मांडायचं हाय रं?"

सांगितलं. आई म्हणाली, "तुज्या बापानं बंदूक घेतली ती डुकरांसाटी. भात राहत नव्हतं. ही कशासाटी?"

दुकानातल्या बाई आणि आई, दोघींचा प्रश्न एकच. मी आईला पाठलागाचं सांगितलेलं नाही, घाबरेल. म्हणून म्हटलं, सोबतीला. तिने रिकाम्या जागेवर एक झेंडूचं फूल ठेवलं. "बरं. येईल तवा येईल."

दिवसभर बरं वाटत राहिलं. फूल मी उचललं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

नेमबाजीच्या क्लबवर प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस. क्लबच्या फा.वर दहा गोळ्या. पहिली कुठे गेली देव जाणे. दुसरी कागदाच्या कडेला. मग सर म्हणाले, "आवाजाची वाट बघू नका. तो येईल तेव्हा येईल. तुम्ही फक्त बोट मागे घेत राहा." आणि पुढच्या सगळ्या काळ्यात! कागद गुंडाळून आणला आहे. कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला, बाहेर नीता लावू देणार नाही.

हाताला अजून जळक्या दारूचा वास आहे. साबण लावायचं मुद्दाम टाळलं.

प्रामाणिकपणे: कागदावर नेम धरताना एकदाही पांढरी गाडी डोळ्यांपुढे आली नाही. नंदू आला नाही. कुणीच नाही. फक्त ती काळी गोल टिकली आणि श्वास. इतकं शांत मला देवळातही वाटत नाही. मग मला हवंय ते काय आहे?

लो. क्लबवर नाही. तिच्यावर एकही गोळी मारलेली नाही. चाचणी अपुरी.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. नीताला कपाटातला कागद सापडला. कपाटाचं दार लावून टाकलं. संध्याकाळी करंज्या भरताना एकदम, "नंदू भावजींना मारणार आहात का?"

मी म्हटलं, वेड लागलंय का.

"मग घाबरवणार आहात?"

नाही.

"मग आवडते म्हणून घ्या की सरळ. कॅमेरे घेतात, घड्याळं घेतात माणसं. पाठलाग कशाला मध्ये आणायचा?"

अर्जात 'आवडते' असा रकाना नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "म्हणून मग भीती लिहिली?"

भीती खोटी नव्हती. जानेवारीत मला खरंच घाम फुटायचा. ते लिहून ठेवतो.

तरी आज पुन्हा गणित. फा. हलकी, डावऱ्याला सोयीची, गंजणार नाही (आपल्या हवेत हा मोठाच मुद्दा, शेतातला विळा आठ दिवसांत लाल होतो). लो. जड, गंजणार, डावऱ्याला गैरसोयीची. पण दुरुस्त करणारे जुने कारागीर अजून आहेत, आणि तो आवाज. झाकणं असती तर फा. पास, लो. नापास, पाच मिनिटांचं काम. मग अजून सही का होत नाही माझ्याकडून?

५ नोव्हेंबर

निवडणूक लागली. आचारसंहिता. पोलीस ठाण्यातून निरोप, शस्त्रं जमा करा, निकाल लागल्यावर परत. दरवेळी बाबा न्यायचे, यंदा मी.

पुण्याला मॅडमना फोन केला. म्हणाल्या, आत्ता घेतलीत तर इथून उचलून सरळ ठाण्यात द्यावी लागेल. "नवी नवरी आणि सरळ माहेरी." त्यापेक्षा दोन्ही पीस माझ्या नावाने बाजूला ठेवते म्हणाल्या, निवडणूक झाली की या.

म्हणजे महिनाभर सक्तीचा विचार. वाईट वाटायला हवं, पण दोन्ही अजून माझ्याच आहेत या कल्पनेने खूष आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

अर्धा दिवस रजा. ठाण्याच्या आवारात रांग, तालुक्यातले सगळे परवानेवाले. बंदुका गोधडीत, बारदानात, एकाची तर सतरंजीत. बाबांची मी बेडशीटमध्ये बांधली होती. माझ्यापुढच्या पांढऱ्या शर्टाची पाठ ओळखीची वाटत होती, पण लक्ष नव्हतं. तो वळला. नंदू.

"आयला, तू? बोलत नायस रं हल्ली. तुज्या तात्यांची ना ती बंदूक? लहानपनी दाखवली व्हती मला. हात लावू दिला नाय."

मी बेडशीटची गाठ घट्ट केली. तेवढ्यात त्याने बगलेतलं चामडी पाकीट उघडलं, मॅगझिन बाजूला काढलं, आत पिस्तूल. आणि मी, ज्याच्यापासून जीविताला धोका आहे त्या माणसापुढे, मोठ्याने म्हणालो, "लो.!"

"काय?"

"लोखंडी. सरकारी कारखान्याची."

त्याचा चेहरा असा उजळला! "वळखलीस? मंग! ते फायबरचं काय घ्यायचं, पोरांचं खेळनं."

"फायबरला गंज नाही."

"तेल लावायला काय हात मोडलं?"

"आणि वजन?"

"वजन पायजेच. उडवली की हात वर जात नाय. हलकी मंजी वासरू, जड मंजी बैल."

"तू किती गोळ्या मारल्यास?"

त्याने पाकिटाचं बटण लावलं, काढलं. "घेतली तवा पाच मारल्या. मंग नाय." माझ्याकडे नीट पाहिलं. "तू काय घेतोयस का काय?"

घेतोय म्हटलं. मग काय विचारता! ट्रिगर पहिल्यांदा जड का लागतो, मॅगझिन कायम भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते का, पाकीट चामड्याचं की कापडाचं. रांग सरकत होती आणि आम्ही दोघं शाळेच्या बाकावर. मध्येच हवालदार ओरडला, "ओ शेठ, बाजार भरवलाय का? ती टेबलावं ठेवा आदी!" हा चौकशीला आमच्या घरी आलेलाच. नंदू त्याला म्हणाला, "साहेब, आमचा दोस्त घेनार हाय, येकदा हातात देऊ?" हवालदाराने स्वतः ती रिकामी असल्याचं तपासलं, मॅगझिन आपल्याकडे ठेवलं आणि मग माझ्यापुढे सरकवली.

घेतली. डाव्या हातात. दुकानातली नवी होती, ही वापरातली, कडा थोड्या झिजलेल्या, मऊ. अंगठा खटका शोधत चुकीच्या बाजूला गेला.

नंदू हसायला लागला. "डावरा ना रं तू! गुर्जींनी पट्टी मारमारून उजवा केला तुला. लिवनार उजव्यानं, मारनार डाव्यानं!"

मग सहज, अगदी सहज: "पन तुला कुनाची भीती हाय रं? साधा मानूस तू."

मी म्हटलं, "असंच. जमिनीचं."

"जमिनीचं मंजी मीच की रं!"

रांग हसली. हवालदार रजिस्टरात तोंड घालून हसला. मी पण हसलो, काय करणार. पण कान तापले होते. नोंद झाली, पावत्या मिळाल्या, बाहेर चहाच्या टपरीवर त्याला गाठून विचारलंच. गेल्या हिवाळ्यापासून तुझी गाडी माझ्या मागे का असते?

त्याने आजूबाजूला पाहिलं. आवाज उतरवला. "कुनाला बोलू नको. ते फाट्याफुडचं रान लागलं ना, की मला येकट्याला यायला टरकते. प्लॉटवाली दोघं-तिघं पैशासाटी मागं लागली हायत माज्या, येकदा गाडी आडवी घातली व्हती. तुजा दिवा फुडं दिसला की बरं वाटतं. म्हनून थांबतो मी कर्जतला, तू यीस्तोवर."

"अरे, पण कमरेला पिस्तूल असतं ना तुझ्या?"

"गाडीत बसलो की पोटात घुसते. फुडच्या खनात ठिवतो. कुलूप लावून."

"आणि किल्ली?"

"गाडीचीच की. येकच हाय."

म्हणजे पिस्तूल काढायचं तर आधी गाडी बंद करायची. दोघांनी चहा संपवला. मग तो म्हणाला, "तेवडं रस्त्याचं बग रं मातर. बारा फूट दिलास तरी चालंल."

८ नोव्हेंबर

झोप नाही, पण वाईट अर्थाने नाही. डोकं पळतंय.

नंदू खरं बोलला का? जमिनीचा दलाल. रस्ता मागायचा होताच, त्याआधी गोड बोलला असेल. किंवा खरंच. आईला आडून विचारलं, नंदू लहानपणी कसा होता. "भित्रा. आपल्याकडं यायचं तर कुत्रं बांदलंय का म्हनून बांदावरनं आराडायचा. तू फुडं, त्यो मागं." मग म्हणाली, "पन आता पैशेवाला झाला. काय सांगावं."

मला छळतंय ते वेगळंच. कामावर आम्ही दोन रकाने ठेवतो, काय दिसलं आणि त्यावरून काय वाटलं. एकाचं दुसऱ्यात गेलं तर मी पोरांना तासभर ऐकवतो. अर्जात मी स्वतः तेच केलं. दिसलं ते: माझ्या मागे एक गाडी होती. लिहिलं ते: पाठलाग.

आणि त्या एका शब्दावर परवाना उभा आहे.

१५ नोव्हेंबर

भात झोडणी. मजुरांबरोबर दिवसभर. रात्री डुकरं आली, बंदूक ठाण्यात, पत्र्याचा डबा वाजवला. पळाली! बाबांनीही बहुतेक वेळा डबाच वाजवला होता म्हणे, आई सांगते, बंदूक खांद्याला अडकवून. आवाज डब्याचा, धीर बंदुकीचा.

दुपारी बांधावर बसून भाकरी खाताना लक्षात आलं, डाव्या हाताचा अंगठा आपोआप वाकडा होऊन पलीकडचा खटका शोधतोय. लो.चा. रोज सवय करतोय न ठरवता. जमायला लागलंय!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चाचणी करायची ठरवली. एकदा दिसलं त्यावरून निष्कर्ष नको.

कामावरून सुटून कर्जतला आलो. नंदूची गाडी नेहमीच्या जागी उभी, म्हणजे थांबतो हे खरं. आज मी दिसूच दिलं नाही, हार्डवेअरच्या दुकानामागे बाइक लावून चहा घेतला. बराच वेळ वाट बघून तो निघाला. मी थोडं अंतर ठेवून मागे.

फाटा ओलांडला. रान लागलं. मी दिवा मोठा केला. बस, इतकंच.

गाडी एकदम वेगात. मी वेग वाढवला. तिने आणखी. पुढच्या वळणावर तिचं मागचं चाक कडेच्या मातीत गेलं, धुरळा, पुन्हा रस्त्यावर. मी वेग कमी केला तेव्हा मागचे लाल दिवे कधीच दिसेनासे झाले होते.

म्हणजे खरं बोलला होता.

आणि मजा आली. लिहायला लाज वाटते, पण आली. क्लबच्या त्या दिवसासारखंच, फक्त शांतपणा नव्हता. माझ्याकडे काहीसुद्धा नव्हतं, नुसता दिवा. कमरेला असती तर?

नीताला सांगितलं नाही. हे पहिल्यांदाच.

२३ नोव्हेंबर

नंदूचा फोन. "येकटा येऊ नको रं संध्याकाळचा. शुक्रवारी माज्या मागं बाइक लावली कुनीतरी. मारूनच टाकला असता. तू कुटं व्हतास?"

म्हटलं, उशीर झाला.

"देवानं वाचवला तुला."

सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. तो एवढ्या काळजीने बोलत होता की...

८ डिसेंबर, सोमवार

निकाल झाले. ठाण्यात जाऊन बाबांची बंदूक घेतली. नंदू त्याची घेऊन आधीच बाहेर उभा. चेहरा उतरलेला. लो.चं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, मुलाला धरतात तसं.

सांगितलं. टपरीमागे नेऊन सरळ सांगितलं की बाइकवाला मी होतो.

आधी पाकीट काखेत मारलं. मग एक शिवी. मग दुसरी, माझ्या आजोबांपर्यंत पोचणारी. मग खाली बसला आणि हसत सुटला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आरं, त्या वळनावं माज्या टकुऱ्याचा नारळ फुटला आसता!" मग हसणं थांबलं. "पन मंग ती प्लॉटवाली?" ते आहेतच, म्हटलं. "मंग तू रोज फुडं राहशील ना?"

राहीन म्हटलं.

रस्त्याचं आज काढलं नाही त्याने. की विसरला? की राखून ठेवलं?

११ डिसेंबर, गुरुवार

मॅडमचा फोन: दोन्ही पीस अजून बाजूला आहेत, पण एक गिऱ्हाइक मागतंय, उद्या तेवढं नक्की करा. उद्याची रजा टाकली आहे.

रात्रीची जेवणं झाल्यावर नीताला सगळं सांगितलं, त्या शुक्रवारच्या बाइकसकट. तिने पातेली आत नेऊन ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे आता त्यांना तुमच्यापासून धोका. त्यांनी अर्ज करावा." आणि वर, "हसू नका, मी गंमत करत नाहीये."

तिच्यासमोरच बसून कलेक्टरसाहेबांना पत्र लिहिलं. 'काय दिसलं' एवढ्या एकाच रकान्यातलं. संध्याकाळी एक गाडी माझ्या मागे असायची. तिचा मालक माझ्या सोबतीसाठी थांबत होता. पाठलाग हा माझा अंदाज होता, तो चुकला. पुढे काय करावं हे आपण ठरवावं. सही. हे दिलं तर परवान्यातली नवी ओळ बहुधा खोडतील. कदाचित नाही. कोण जाणे.

पत्र आणि पिस्तुलाच्या खरेदीचे कागद, दोन्ही एकाच पिशवीत भरले आहेत. शिळफाट्याला रस्ते फुटतात. सरळ घाट चढला की पुणे, उजवीकडे पेण आणि पुढे अलिबाग.

नंदूला फोन करून म्हटलं, उद्या जरा कामाला चाललोय. "पिस्तूल ना? मी पन येतो! कुटली घेतोस तेवडं सांग." माझ्या बाइकवर ये म्हटलं. नको म्हणाला, थंडी वाजते. "तू फुडं हो. मी गाडी घेऊन मागं हाय. हलव्याचा डबा बी आनतो."

आणि गंमत अशी की त्याने विचारलं तेव्हा एक क्षणही लागला नाही. मागच्या गाडीसाठी घ्यायची असती तर फा. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मागच्या गाडीत नंदू आहे, आणि तो हलव्याचा डबा घेऊन येणार आहे. राहिलं काय, तर तो आवाज, ते वजन, आणि वाकडा होऊन खटका गाठणारा माझा अंगठा. लो. म्हटलं. जिंकल्यासारखा ओरडला तिकडे.

तेव्हा कोणती हे आज ठरलं. घ्यायची का, हे नाही. पाटावरचं फूल वाळलंय, आईने तिथेच ठेवलंय अजून. सकाळी सहाचा गजर लावला. लहानपणी सहलीच्या आदल्या रात्री ठेवायचो तसे कपडे आत्ताच खुर्चीवर काढून ठेवलेत.